परत पाठवलेला चीक

चोपड्यात माझं ढेपेचं दुकान आहे. सरकीची ढेप, भुईमुगाची पेंड, मक्याचा भरडा, गुरांचं मीठ, असा माल. आधी मी एका तेलगिरणीत पोती वाहत होतो. पाठीवरचं पोतं उतरवून स्वतःच्या गादीवर बसायला मला अठरा वर्षं लागली. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी समजू शकलो असतो. ढेप विकणाऱ्या माणसाचं व्हायला नको होतं.

ज्यांच्या घरी कुणाचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. फक्त ताटात काय होतं आणि काय नव्हतं, तेवढं नीट आठवतं.

भाव न करता

कंबर दुखायची म्हणून मी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खात होतो. सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर. किती महिने, ते आता मोजत नाही. एक दिवस भरदुपारी दुकानात एका गिऱ्हाईकाशी वाद चालू असताना पोटात कुणीतरी आकडा अडकवून ओढल्यासारखं झालं. तरी मी आधी सौदा मिटवला, मग खाली बसलो.

संध्याकाळी जळगावच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण, माझ्या मुलीच्या वयाचा. म्हणाला, जठराला भोक पडलंय, आत्ता ऑपरेशन करावं लागेल.

मी सवयीनं विचारलं, "उद्या केलं तर?"

"उद्या कदाचित करावंच लागणार नाही, काका."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी मान्य केला.

भेटण्याची वेळ

शुद्धीवर आलो तेव्हा बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ होती. नाकात नळी, हातात सलाईन. सकाळी सहाला सिस्टर यायची, अंग पुसायची. मग डॉक्टर यायचा आणि सगळ्यांदेखत एकच प्रश्न विचारायचा, वारा सरला का? चारचौघांत ज्याला लोक शेठ म्हणतात, त्याला रोज या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागतं. चौथ्या दिवशी उत्तर 'हो' आलं. सिस्टर हसली, मीही हसलो आणि टाक्यांवर हात धरला.

माझी बायको शोभा सोबत होती. तिसऱ्या दिवशी मीच तिला घरी पाठवलं. दुकान बंद ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, तू जाऊन गादीवर बस, असं सांगितलं. ती म्हणाली, इथे कोण आहे तुमच्याजवळ? मी म्हणालो, इथे सिस्टर आहेत, तिकडे कोण आहे? मुलगी धुळ्याला असते, शाळेत शिकवते. ती दोन दिवस राहून गेली. नंतर एक रोजाचा माणूस ठेवला. तो माझ्या खाटेखाली चटई टाकून मोबाइल पाहायचा.

भेटण्याची वेळ चार ते सहा. चार वाजले की जिन्यावर चपलांचा आवाज सुरू व्हायचा. प्रत्येक खाटेभोवती चार-पाच माणसं, डबे, थर्मास, पिशवीतली मोसंबी. माझ्या खाटेपाशी कुणी नसायचं. एकदा मार्केटमधले तिघे आले, शहाळं ठेवलं आणि माझ्या पायांशी उभे राहून आपसात कापसाबद्दल बोलत राहिले. बाकी दिवशी मी डोळे मिटून पडायचो, म्हणजे झोपलोय म्हणून कुणी नाही असं वाटावं.

खरं सांगतो, दाराकडे पाहायचो ते नानासाठी. नाना माझा मोठा भाऊ, सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या गावी असतो. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. गावातल्या एका लग्नात, पंगत बसलेली असताना, हातात वरणाची बादली घेऊन नाना सगळ्यांदेखत म्हणाला होता, "याची ढेप नका लेवू रे भो, अर्धी माती शे तिन्हामा." पंगत हसली. मी ताटावरून उठलो. त्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी मी प्यायलो नाही, की त्याच्या घरातली एक वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत आली नाही.

आता मी मरता मरता वाचलो होतो आणि तो आला नव्हता. आला असता तर मी तोंड फिरवलं असतं. तरी त्यानं यायला हवं होतं.

शेजारची खाट

शेजारी डोंगराकडचा एक म्हातारा होता. त्याचंही पोटाचंच ऑपरेशन, माझ्या एक दिवस आधीचं. त्याची बायको खाली आवारात तीन दगडांवर स्वयंपाक करायची. डॉक्टरनं जेवायला परवानगी दिली त्या दिवसापासून ती त्याला घट्ट उडदाची डाळ आणि त्यात कुस्करलेली भाकरी भरवू लागली, वर एक उकडलेलं अंडं.

मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, बाई, ओली जखम आहे, उडीद काय देतेस? पू होईल.

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या वाटीतल्या पाण्यासारख्या पेजेकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याले भूक लागस, भाऊ."

तिनं पुढचा घास भरवला. दोघं ठरल्या दिवशी घरी गेले. म्हातारा स्वतःच्या पायांनी जिना उतरला. मला वाटलं, आठ दिवसांत परत येतील.

पथ्य

आठव्या दिवशी मलाही सोडलं. मी डॉक्टरशी भांडून एक दिवस कमी करून घेतला होता. एक कागद दिला, त्यावर इंग्रजीत गोळ्या लिहिलेल्या. खाली एक ओळ होती. ती कुणी वाचून दाखवली नाही, आम्ही विचारली नाही.

आमच्याकडे पथ्य कुणाला विचारावं लागत नाही. टाके ओले असले की तुरीची डाळ बंद, उडीद बंद, हरभरा बंद, वांगं बंद, शेंगदाणे बंद, दही बंद. जड, वातूळ, पू करणारं. दुधानंही जखम पिकते म्हणतात. मग उरतं काय? मुगाचं वरचं पाणी, तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी. शोभा या बाबतीत फार कडक. तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी त्यांना वरण-पोळी खाऊ घातली, जखम चिघळली आणि ते गेले. ते वरणानं गेले की आणखी कशानं, कुणाला माहीत. घरात तेव्हापासून वरणाचं नाव निघतं. तिनं मुक्ताईला नवस केला आणि माझ्या वाटीत डाळीचा दाणा जाऊ दिला नाही.

मी एरवी खाण्यावरून ताट भिरकावणारा माणूस. तेव्हा मुकाट्यानं पेज प्यायलो. भीती वाटत होती. जीव वाचतोय म्हटल्यावर माणूस काहीही पितो.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भावलाल आला. भावलाल नानाच्या शेजारचा आणि माझं जुनं गिऱ्हाईक, महिन्याला चार पोती नेणारा. त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली किटली होती. दारातच उभा राहून म्हणाला, नानाची म्हैस व्याली, दुसऱ्या दिवसाचा चीक आहे, नानानं पाठवलाय.

म्हैस व्याली की चीक भाऊबंदांत वाटतात. घरोघर खरवस होतो. किटली कधी रिकामी परत करत नाहीत, तळाला मूठभर धान्य किंवा गुळाचा खडा टाकतात. अकरा वर्षांत नानाच्या किती म्हशी व्याल्या असतील. आमच्या घरी थेंब आला नव्हता.

शोभा किटली घ्यायला पुढे झाली, मग थांबली. म्हणाली, चीक फार जड, यांना चालायचा नाही. पण तोंडावरून कळत होतं, तिला ती किटली घरात हवी होती. मी खाटेवरून ओरडलो. ओरडताना पोटात कळ आली.

"त्याला सांग, मातीची ढेप विकणाऱ्याच्या घरात त्याच्या म्हशीचा चीक शोभायचा नाही."

भावलालनं किटली दोन्ही हातांनी धरली होती. तो शोभाकडे पाहत राहिला. मग आला तसा गेला. किटली रिकामी नाही, भरलेली परत गेली. असं आमच्या गावात तरी कुणी केलेलं मी ऐकलं नाही.

त्या दिवशी मी पेज प्यायलो आणि जिंकल्यासारखा झोपलो.

गुलाबी पाणी

चार दिवसांनी सदरा भिजला. घाम वाटला. पाहिलं तर गुलाबीसर पाणी, कोकमाचं आगळ पातळ केल्यासारखं. शोभानं पट्टी काढली आणि भिंतीला टेकली. टाक्यांची रेघ मधोमध उसवली होती. कापड जुनं झालं की शिवणीपाशी विरतं, तसं मांस विरलं होतं.

पुन्हा जळगाव. मी गाडीत भांडण तयार करत गेलो. माझ्या दृष्टीनं हा सरळ हलक्या मालाचा प्रश्न होता. तपासणीच्या खोलीत मी डॉक्टरला म्हणालो, शिवण कच्ची घातली तुम्ही. पोत्याची शिवणसुद्धा यापेक्षा टिकते.

त्यानं ऐकून घेतलं. हातमोजे घालून जखम पाहिली, बोटानं हळूच आत दाबून पाहिलं. मग म्हणाला, "दोरा शाबूत आहे, काका. दोऱ्यानं धरायचं ते मांसच तयार झालेलं नाही. खाताय काय?"

शोभानं सगळं पथ्य सांगितलं. अभिमानानं सांगितलं. डॉक्टरनं तो आमचाच कागद मागितला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं, भरपूर प्रथिनं असलेला आहार द्या.

हा राग मी अजून सोडलेला नाही. ज्या एका ओळीवर माझं पोट टिकून होतं, ती इंग्रजीत, शेवटी, बारीक अक्षरांत. गोळ्या कधी घ्यायच्या ते सिस्टरनं दोनदा समजावलं होतं. मी डॉक्टरला हे तोंडावर सांगितलं. त्यानं मान्य केलं, चुकलं म्हणाला. मोठ्या माणसानं इतक्या सहज चूक कबूल केलेली मी फारशी पाहिली नव्हती. माझं भांडण अर्ध्यावर राहिलं.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. वरचा थर उघडलाय, आतला अजून धरून आहे. रक्तातली प्रथिनं फार खाली गेलीत. दोन आठवड्यांत जखम आतून भरू लागली तर ठीक. आतला थर सुटला तर पुन्हा टेबलावर, आणि अशा अंगानं दुसरं ऑपरेशन कितपत झेपेल ते सांगता येत नाही.

व्यालेल्या म्हशीला काय देता

संध्याकाळी आहार सांगणारी ताई आली. प्रणाली तिचं नाव, रावेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं वही उघडली. दिवसाला घट्ट डाळीच्या तीन वाट्या, अर्धा लिटरच्या वर दूध, पनीर, दही, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी मऊ शिजवून. अंडी विचारली. मी माळकरी, नाही म्हणालो. ती म्हणाली, काही हरकत नाही, मग कळण्याची भाकरी खा, ज्वारीत उडीद असतोच, दुधात कुस्करून खा.

मी सौदा सुरू केला. तीन वाट्या नाही जमणार, दीड करू. दूध पाव लिटर. मटकी सोडून द्या. ती हसून एकेक आकडा पुन्हा तिथेच नेऊन ठेवत होती. शेवटी म्हणाली, काका, धंदा कसला तुमचा?

"ढेपेचा."

तिनं वही मिटली.

"म्हैस व्याली आणि माणूस दुकानात आला, की काय सांगता त्याला? साबुदाणा दे?"

शोभा खाली बघत होती.  हजार वेळा मी गिऱ्हाईकांवर ओरडलो असेन. अरे, ती व्यालीय, तिच्या अंगातून किती गेलंय बघ, नुसत्या कडब्यावर ठेवशील तर हाडं वर येतील, आता ढेप नाही देणार तर कधी देणार? हे वाक्य म्हणतच मी माझं घर बांधलं. आणि मला व्याल्यापेक्षा वाईट झालं होतं, पोट चिरून शिवलं होतं, तर मी भाताच्या पाण्यावर बारा दिवस काढले होते.

मी तिला विचारलं, चीक चालला असता का?

ती म्हणाली, खरवस करून? उत्तम. ते काही औषध नाही, पण तुम्हाला हवं होतं तेच त्यात भरलेलं असतं. आणलाय का कुणी?

मी म्हणालो, नाही.

दुपारी

ताई गेल्यावर मी शोभाला म्हणालो, तू तुझ्या बापाला रडत बसलीस आणि मला मारायला निघालीस. हे मी बोललो. लिहिताना गाळावं असं वाटलं, पण गाळलं तर बाकीचंही खोटं होईल. तिनं पिशवी उचलली आणि शेवटच्या एसटीनं चोपड्याला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलेल्या त्या रोजाच्या माणसाच्या हाती डबा आला, कळण्याची भाकरी, घोटलेली डाळ, दही. ती स्वतः आली नाही. पाच दिवस रोज डबा आला, ती आली नाही.

भूक नसताना खाणं हे काम आहे, पोती वाहण्यासारखंच. डाळीची एक वाटी संपवायला मला अर्धा तास लागायचा. दोन घासांमध्ये भिंत बघायची. शेजारच्या खाटेवर आता कुणी नव्हतं. त्या डोंगराकडच्या म्हाताऱ्याची मला फार आठवण यायची. तो परत आला नव्हता. कशाला येईल?

दुपारी दोन ते चार वॉर्डात अगदी शांत असतं. पंखा, आणि दूर कुठेतरी ट्रॉलीची चाकं. त्या वेळात माणसाला जे आठवू नये ते आठवतं. मला ती पंगत आठवायची. आणि पंगतीआधीचा आठवडाही.

त्या वर्षी एका गिरणीवाल्यानं मला फसवलं होतं. ढेपेत रेती होती. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, खडा दाताखाली आला. आम्ही ढेप चाखून बघतो. पोती उरली होती. मी ती विकली. आधी गेलेली परत घ्यायला आणि उरलेली थांबवायला हवी होती, पण दुकान नवीन होतं, नाव जाईल म्हणून विकली. त्यातलं एक पोतं नानाच्या गोठ्यात गेलं. नानानं पंगतीत सांगितलं ते वाईटच केलं, घरी येऊन थोबाडीत मारायला हवी होती. पण तो खोटं बोलला नव्हता. अकरा वर्षं मी सगळ्यांना अर्धी गोष्ट सांगत होतो, स्वतःलाही. शोभालासुद्धा ती तिसऱ्या दिवसाची गोष्ट माहीत नव्हती.

सहाव्या दिवशी शोभा आली. डबा उघडून देताना म्हणाली, मलाच कळायला हवं होतं. मी तिला सांगितलं, कळायला मला हवं होतं. आणि मग ती रेतीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ डब्याचं झाकण पुसत राहिली. मग म्हणाली, "भाकरी गार होतेय, खा."

मांस

दहाव्या दिवशी पट्टी बदलताना डॉक्टरनं सिस्टरला जवळ बोलावलं.  तो म्हणाला, हे बघा, लाल आलंय. मला मान उचलून पाहायला लावलं. तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं बारीक, लालभडक. तो म्हणाला हे नवं मांस, आतला थर टिकला, आता टेबलाची गरज नाही. मी कधी कुणासमोर रडत नाही. त्या दिवशी सिस्टरनं तोंड पुसायला कापूस दिला.

जखम पूर्ण भरायला आणखी दीड महिना लागला. घरी रोज पट्टी, रोज डाळ. कधी कंटाळून वाटी सरकवली की शोभा विचारायची, साबुदाणा करू?

जखम मिटली त्या दिवशी मी नानाला फोन लावला. धंद्यात माझा एक नियम होता, पहिला शब्द आपण काढायचा नाही. जो पहिला भाव सांगतो तो हरतो. फोन वाजत असताना तो नियम तीनदा आठवला.

"कोन शे?"

"मी."

"मी कोन?"

त्यानं आवाज ओळखला होता. मला म्हणायला लावायचं होतं.

"तुना भाऊ."

पलीकडे गोठ्यातली साखळी वाजली. मी ठरवलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, नाना, त्या मालात रेती होती, आणि मला माहीत होतं.

"माले बी माहीत व्हतं," नाना म्हणाला. "तुले माहीत शे, हाईबी माहीत व्हतं."

 काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, म्हैस कशी आहे, ढेप कुणाकडची देतोस?

"तुनीच. सात वरीसपाईन. भावलाल आनस."

भावलालकडे एकच गाय. कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आहेत ते मी झोपेतसुद्धा सांगू शकतो, ही माझी बढाई. आणि एका गाईला महिन्याला चार पोती कशी लागतात, हे सात वर्षांत मला सुचलं नव्हतं. जो चीक मी परत पाठवला तो माझ्याच ढेपेचा होता.

मी कसंबसं विचारलं, चीक उरलाय का रे?

"दोन महिना व्हयनात. चीक ऱ्हास का आते?" त्याचा आवाज थोडा चढला, मग खाली आला. "पुढला वेतले ये. किटली तू ली ये."

त्यानं फोन ठेवला. तो भेटायला आला नाही, मीही अजून गेलेलो नाही. दोघंही एकाच बापाचे. पण म्हैस गाभण आहे, भावलालनं सांगितलं. शोभानं फडताळातून एक किटली काढून घासून ठेवलीय. गुळाचा खडा कोणता टाकायचा, ते मी बघून ठेवलंय. भावलाल आता महिन्याला पाच पोती नेतो. गाभण म्हशीला जास्त लागतं. प्रत्येक पोतं मी स्वतः उघडून, तुकडा चाखून मगच बांधतो.